वाचकांचे प्रश्न : कामावर दुखापत झाल्यावर भरपाईचा हक्क

कामाच्या ठिकाणी झालेल्या अपघातांविषयी या सदराकडे इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे आम्ही ठरवले. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. भरपाईच्या रकमा, मुदती आणि अर्जाचे नमुने प्रत्येक देशात वेगळे असतात. मात्र या कायद्यांचा गाभा जवळजवळ सगळीकडे सारखाच आहे, म्हणून उत्तरे त्या गाभ्याला धरून दिली आहेत आणि जेथे फरक महत्त्वाचा आहे तेथे कोणत्या देशात काय पद्धत आहे हे नमूद केले आहे.

प्रश्न : मी प्रेस मशीनवर काम करतो. पाळी संपत आली होती, थकलो होतो, हात वेळेवर मागे घेतला गेला नाही आणि उजव्या हाताची तर्जनी गेली. सुपरवायझर म्हणतात, ‘लक्ष तुझे नव्हते, मग कंपनी कशाला पैसे देईल?’ खरे सांगायचे तर चूक माझीच होती असे मलाही वाटते. मला काही मागण्याचा हक्क आहे का?

आहे; आणि चूक तुमची होती हे तुम्ही मान्य केले तरीही आहे. अपघात कोणाच्या दोषाने झाला हे विचारायचे नाही, दुखापत कामामुळे आणि काम चालू असताना झाली की नाही एवढेच पाहायचे, या एका तत्त्वावर कामगार भरपाईची सगळी व्यवस्था उभी आहे. तुम्ही मशीनवर होतात, मालकाचे काम करत होतात आणि त्या कामानेच बोट गेले. हक्क निर्माण व्हायला एवढे पुरेसे आहे.

हे तत्त्व कामगारांना सहजासहजी मिळालेले नाही, आणि ते कसे मिळाले हे कळले की तुमच्या मनातला अपराधीपणा कमी होईल, म्हणून थोडे मागे जातो. १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये एका खाटकाकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स प्रिस्टले या तरुणाचा दावा न्यायालयापुढे आला. प्रमाणाबाहेर माल लादलेली मालकाची गाडी मोडली आणि प्रिस्टलेच्या मांडीचे हाड मोडले. ज्युरीने त्याला १०० पौंड मंजूर केले, पण वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय उलटवला. गाडी धोक्याची आहे हे नोकरालाही मालकाइतकेच कळण्यासारखे होते आणि त्या गाडीवर बसायचे नाकारण्याची त्याला मोकळीक होती, असा त्या निकालाचा आशय होता. पाच वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सांधेवाल्याच्या चुकीमुळे रेल्वेचे इंजिन रुळावरून घसरले आणि इंजिनचालकाने हात गमावला. त्यालाही न्यायालयाने सांगितले की सहकाऱ्याच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाही, आणि धोक्याचा मोबदला पगारातच आलेला असतो.

अशा निकालांतून मालकांच्या हाती तीन बचाव आले : कामगाराने धोका जाणूनबुजून पत्करला होता, कामगाराचीही थोडी चूक होती, किंवा चूक दुसऱ्या कामगाराची होती. या तिन्हींतून वाट काढून दावा जिंकणे साध्या मजुराला जवळजवळ अशक्यच होते. तुमचे सुपरवायझर जे वाक्य बोलले ते या तिघांपैकी दुसऱ्या बचावाचेच वाक्य आहे, आणि नेमका तोच बचाव मोडीत काढण्यासाठी पुढचे कायदे झाले.

जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला आणि त्याचा खर्च उद्योगांच्या मालकांच्या संघांवर टाकला. पूर्ण अपंगत्व आलेल्या कामगाराला वेतनाच्या दोन-तृतीयांश रक्कम मिळू लागली. ब्रिटनमध्ये १८९७ चा कायदा आला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने केलेला असा कायदा त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी रद्द केला, कारण दोष नसताना मालकाकडून पैसे घेणे न्यायाधीशांना घटनाबाह्य वाटले. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ जण मेले, आणि त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याचा भरपाई कायदा झाला आणि तो टिकला. न्यूयॉर्कने राज्यघटना दुरुस्त करून पुन्हा कायदा केला आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. भारतात १९२३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

अशा बहुतेक कायद्यांत एक देवाणघेवाण आहे. मालकाने ‘चूक तुझी’ हा बचाव सोडला. कामगाराने मालकावर खटला भरून वेदना, मनस्ताप आणि पूर्ण नुकसान यांची मोठी रक्कम मागण्याचा हक्क बहुतांश सोडला, आणि त्याबदल्यात कमी पण निश्चित आणि लवकर मिळणारी भरपाई स्वीकारली. म्हणजे तुम्हाला जे मिळणार आहे त्याची किंमत कामगारवर्गाने आधीच चुकती केलेली आहे. ते मागताना मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही.

अपवाद आहेत, पण ते अरुंद आहेत. दारू किंवा अमली पदार्थाच्या नशेत असणे, स्वतःला मुद्दाम इजा करून घेणे, सुरक्षिततेचा स्पष्ट नियम हेतुपुरस्सर मोडणे किंवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढून टाकणे, ही कारणे बहुतेक कायद्यांत आढळतात. थकवा, घाई, क्षणभर लक्ष उडणे यांना कोणीही ‘हेतुपुरस्सर’ म्हणू शकत नाही. ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्याने तर असे ठरवले की कामगाराचे वर्तन गंभीर आणि हेतुपुरस्सर गैर असले तरी अपघातात मृत्यू किंवा गंभीर स्वरूपाचे कायमचे अपंगत्व आले असेल तर भरपाई नाकारता येणार नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून तपासा. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय मशीनचा दाब देणारा भाग खाली येऊ नये अशी सोय अनेक प्रेस मशीनवर असते. उत्पादन वाढवण्याच्या नादात त्यांतले एक बटण चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवलेले असते, आणि ते तसे आहे हे पाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तुमच्या मशीनवर तसे होते का, ते कोणाच्या सांगण्यावरून होते आणि तुमच्या आधीच्या पाळीतही तसेच होते का, हे सहकाऱ्यांची नावे घालून आजच लिहून ठेवा. उद्या कोणी ‘सुरक्षा साधन यानेच काढले’ असे म्हणाले तर हा कागद तुमच्या कामी येईल.

प्रश्न : गोदामात शिडीवरून पडलो. मालकांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले आणि सगळा खर्च भरला. मात्र जाताना म्हणाले, ‘घरी जिन्यावरून पडलो असे डॉक्टरांना सांग, उगाच नोंदी नकोत, मी तुझे सगळे बघतो.’ मी तसे सांगितले. आता पाठीचे दुखणे वाढत चालले आहे. मालक चांगले आहेत, त्यांच्याविरुद्ध जायचे नाही, पण भीती वाटते.

तुमची भीती रास्त आहे. मालकांचा हेतू चांगला असेलही. पण माणूस चांगला असला तरी त्याने दिलेला शब्द विम्याच्या कागदाची जागा घेऊ शकत नाही. धंदा बुडाला, मालकी बदलली किंवा खर्च त्यांच्या अंदाजापलीकडे गेला, तर तो शब्द पाळणे त्यांच्या हातात राहणार नाही. नोंद टाळण्यामागे बहुधा एक साधे कारण असते : बऱ्याच ठिकाणी ज्या आस्थापनेत जास्त अपघात नोंदले जातात तिचा विम्याचा हप्ता वाढतो. ती बचत तुमच्या पाठीच्या बदल्यात होऊ देऊ नका.

सगळ्यात आधी दवाखान्यातली नोंद दुरुस्त करून घ्या. भरपाईचा वाद झाला की न्यायाधिकारी सर्वांत आधी पहिल्या तपासणीचा केसपेपर उघडतो आणि त्यावरची ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ ही ओळ वाचतो. तुमच्या केसपेपरवर ती ओळ तुमच्याच विरोधात उभी आहे. डॉक्टरांना पुन्हा भेटा, खरे काय घडले ते सांगा, पहिल्यांदा वेगळे का सांगितले तेही न लपवता सांगा आणि ते नव्या नोंदीत लिहून घ्या. जुनी नोंद खोडायला सांगू नका. खाडाखोड झालेला कागद संशय वाढवतो, उलट तारीख घालून केलेली प्रामाणिक दुरुस्ती ग्राह्य धरली जाण्याची शक्यता पुष्कळ असते.

त्यानंतर मालकांना लेखी सूचना द्या. त्यात आरोप नकोत, विशेषणे नकोत. उदाहरणार्थ : ‘अमुक तारखेला दुपारी अडीचच्या सुमारास गोदामातील मधल्या रांगेत वरच्या फळीवरील खोके उतरवत असताना शिडी सरकून मी पाठीवर पडलो. त्या वेळी अमुक आणि तमुक हे सहकारी जवळ होते. त्याच दिवशी उपचार घेतले. दुखणे वाढत असल्याने ही सूचना देत आहे. कृपया अपघात नोंदवहीत नोंद करावी.’ दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच द्यायला कोणी तयार नसेल तर टपालाने किंवा ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख सिद्ध करता येईल. चांगल्या मालकाला असे पत्र देणे म्हणजे त्याच्याविरुद्ध जाणे नव्हे. त्याने विमा उतरवला असेल तर पैसे त्याच्या खिशातून नव्हे तर विम्यातून जायचे आहेत, आणि हे तुम्ही त्यांना समोर बसून सांगू शकता.

उशीर करू नका. अपघाताची सूचना द्यायची मुदत आणि दावा दाखल करायची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली फार छोटी असते. न्यूयॉर्क राज्यात सूचना ३० दिवसांत द्यावी लागते, दावा मात्र दोन वर्षांपर्यंत करता येतो. तुमच्या ठिकाणची मुदत कामगार कार्यालयात विचारून घ्या. मुदत उलटली असली तरी गप्प बसू नका. मालकाला अपघाताची माहिती होती हे दाखवता आले तर उशीर माफ करण्याची तरतूद अनेक कायद्यांत असते, आणि तुमच्या मालकांनीच तर तुम्हाला दवाखान्यात नेले होते.

प्रश्न : पाय मोडल्याने दोन महिने घरी आहे. पगाराचा फक्त काही भाग मिळतो. दुखापत कामावर झाली, तर पूर्ण पगार का नाही? आणि पाय पूर्ववत झाला नाही तर पुढे काय?

तात्पुरत्या काळासाठी मिळणारी रक्कम ही बुडालेल्या वेतनाच्या काही टक्के इतकी असते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ती सरासरी साप्ताहिक वेतनाच्या दोन-तृतीयांश असते आणि तिला कमाल मर्यादा असते. न्यूझीलंडमध्ये ८० टक्के मिळतात. जपानमध्ये ६० टक्के मूळ रक्कम आणि त्यावर २० टक्के विशेष रक्कम अशी रचना आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या करारात किमान ५० टक्क्यांचे प्रमाण होते, १९६४ च्या करारात ते ६० टक्के झाले. पूर्ण वेतन न देण्याची दोन कारणे सांगितली जातात : कामगाराला कामावर परतण्याची ओढ राहावी, आणि अनेक देशांत या रकमेवर कर नसल्याने हातात पडणारा फरक प्रत्यक्षात कमी असतो. पहिले कारण मला पटत नाही. मोडलेला पाय पैशाच्या ओढीने लवकर जुळत नाही, आणि कमी पैशांमुळे माणूस बरा होण्याआधीच कामावर जाऊन पुन्हा जायबंदी होतो. पण कायदा आज असा आहे. पहिल्या काही दिवसांचे पैसे कापले गेले असतील तर तेही तपासा. बहुतेक ठिकाणी तीन ते सात दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि दुखापत लांबली तर अनेक कायद्यांत ते दिवसही नंतर भरून मिळतात. तुमचा आकडा ज्या वेतनावर काढला आहे त्यात जादा कामाचे पैसे आणि नियमित भत्ते धरले आहेत का, हे पगारपत्रके समोर ठेवून पाहा. सर्वांत जास्त चुका तेथेच होतात.

वेतनाच्या या रकमेखेरीज उपचारांचा खर्च वेगळा असतो. त्यात शस्त्रक्रिया, औषधे, फिजिओथेरपी, कुबड्या किंवा कृत्रिम अवयव, आणि बऱ्याच ठिकाणी दवाखान्यात जाण्यायेण्याचा प्रवासखर्चही येतो. कामगार दगावला तर अंत्यविधीचा खर्च आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या पत्नी किंवा पती, मुले आणि काही कायद्यांत आईवडील यांना निवृत्तिवेतन किंवा ठरावीक रक्कम मिळते.

पाय पूर्ववत झाला नाही तर कायमच्या अपंगत्वाचा प्रश्न येतो. उपचारांनी आता आणखी सुधारणा होणार नाही असे डॉक्टरांनी ठरवल्यावर अपंगत्वाचे मूल्यमापन होते. कायद्यांना बहुधा एक परिशिष्ट जोडलेले असते आणि त्यात अवयवनिहाय टक्के दिलेले असतात. भारतीय कायद्यात संपूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, तर संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के. आधीच्या प्रश्नातील प्रेस कामगार बंधूंनी हे वाचावे. मग वेतन, वय आणि हे टक्के यांच्या गुणाकाराने रक्कम ठरते. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण बुडणारी वर्षे जास्त.

मात्र परिशिष्टातले टक्के आणि कमावण्याची क्षमता या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे तो अंशतः अपंग होता. १९७५ साली निकाल देताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण धरायचे. तुमच्या कामात तासन्‌तास उभे राहावे लागत असेल, जड ओझी उचलावी लागत असतील किंवा शिड्या चढाव्या लागत असतील, तर डॉक्टरांना फक्त पाय दाखवू नका. कामाचे वर्णनही लेखी द्या आणि ‘हे काम आता करता येईल का’ याचे उत्तर प्रमाणपत्रात मागा.

प्रश्न : वडिलांनी आयुष्यभर दगड फोडण्याच्या आणि कापण्याच्या कामावर मजुरी केली. काम सोडून बरीच वर्षे झाली. आता धाप लागते आणि डॉक्टर सिलिकोसिस म्हणतात. अपघात तर झालाच नाही, मग भरपाई कशी मागायची?

कामामुळे होणारा आजार हाही कायद्याच्या दृष्टीने कामावरची दुखापतच आहे, पण तो सिद्ध करणे कठीण असते हे मी लपवणार नाही. यंत्रात सापडलेल्या बोटाला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात. फुप्फुसात वर्षानुवर्षे साचत गेलेल्या धुळीला यांतले काहीच नसते.

या अडचणीवर कायद्यांनी काढलेला उपाय म्हणजे आजारांची यादी. यादीतला आजार आणि त्याला जोडलेले काम जुळले की आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. ब्रिटनने १९०६ मध्ये अशी पहिली यादी केली तेव्हा त्यात सहाच आजार होते. शिसे, पारा, फॉस्फरस आणि आर्सेनिक यांच्या विषबाधा त्यांत होत्या. यादीचा फायदा मोठा, तसाच तोटाही मोठा. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे तंतू सापडले, डॉ. विल्यम कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही केले, तरी तिला भरपाई मिळाली नव्हती, कारण त्या आजाराला तोवर कायद्यात जागाच नव्हती. ॲस्बेस्टॉसच्या कामासाठीचे सुरक्षा नियम ब्रिटनमध्ये १९३१ साली झाले. तिच्यासारख्या किती जणी त्या मधल्या वर्षांत गेल्या असतील याचा विचार केला की यादीबाहेरचा आजारही पुराव्यानिशी मांडण्याची वाट कायद्यात का खुली असली पाहिजे हे समजते. बऱ्याच देशांत ती आज खुली आहे.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत सुदैवाची गोष्ट ही की सिलिकोसिस या याद्यांमध्ये सर्वत्र आढळणारा आजार आहे. मुदतीची चिंता वाटत असेल, पण पुष्कळ कायद्यांत ती काम सोडल्याच्या दिवसापासून नव्हे तर आजार कामामुळे झाल्याचे कळल्यापासून मोजतात; म्हणून निदानाच्या कागदावरची तारीख जपून ठेवा. वडिलांना बोलणे सोसेल तेव्हा त्यांच्याजवळ बसून कामाचा इतिहास लिहून काढा : कोणत्या वर्षी कोठे, कोणाकडे, कोणते काम, पाणी मारून की कोरडे, तोंडाला काही बांधायला मिळत होते का. बरोबरीचे मजूर हयात असतील तर त्यांचे लेखी जबाब घ्या. हजेरीपट मिळाला नाही तरी जुना ओळखपत्राचा तुकडा, मजुरीची पावती, कामावरचे छायाचित्र यांतले काहीही उपयोगी पडते. अनेक मालकांकडे काम केले असेल तर कोणाकडून मागायचे हा गुंता पडतो. पुष्कळ कायदे ज्याच्याकडे शेवटी त्या धुळीत काम केले त्याच्यावर प्रथम जबाबदारी टाकतात. छातीचे क्ष-किरण चित्र व्यवसायजन्य आजारांच्या तज्ज्ञाकडून वाचून घ्या, कारण सिलिकोसिस आणि क्षयरोग यांत गल्लत होते, आणि कधी कधी दोन्ही एकत्रही असतात.

प्रश्न : कामावर जाताना रस्त्यात दुचाकीला अपघात झाला. हा कामावरचा अपघात धरतात का? माझी बहीण घरून संगणकावर काम करते, तिचे काय?

येथे देशादेशांत खरोखर फरक आहे. जर्मनीत १९२५ पासून घर ते कामाची जागा हा प्रवास विम्यात धरला जातो. इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेत मात्र नेहमीचा जाण्यायेण्याचा प्रवास कामाबाहेरचा मानतात. मालकाने दिलेले वाहन, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कामासाठी जाणे किंवा मालकाने सांगितलेले काम वाटेत उरकणे हे अपवाद. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका रखवालदाराच्या बाबतीत, कामावर जाताना झालेला अपघात आणि नोकरी यांचा वेळ, जागा आणि परिस्थितीने संबंध जुळत असेल तर तो कामाचाच अपघात धरता येतो असे म्हटले. तेव्हा तुम्ही कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्याने आणि कशासाठी निघाला होता ते नेमके लिहून ठेवा.

घरून काम करणाऱ्याची कसोटी तीच : त्या क्षणी काम चालू होते का. जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने २०२१ मध्ये, सकाळी झोपण्याच्या खोलीतून घरातल्या कामाच्या जागेकडे जाताना जिन्यावर पडलेल्या माणसाचा अपघात कामावरचा मानला. बहिणीने कामाची जागा आणि वेळ मालकाकडून लेखी ठरवून घ्यावी.

प्रश्न : मला कामावर ठेकेदाराने ठेवले होते. अपघातानंतर ठेकेदार फोन उचलत नाही आणि कंपनी म्हणते, ‘तू आमचा माणूसच नाहीस.’

कंपनीचे हे उत्तर अंतिम समजू नका. ठेकेदार पैसे देऊ शकत नसेल किंवा सापडत नसेल, तर ज्याच्या धंद्यासाठी काम चालले होते त्या मुख्य मालकाकडून भरपाई घेता येते आणि मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करायची, अशी तरतूद अनेक कायद्यांत आहे. प्रवेशपत्र, फाटकावरची नोंद, कंपनीच्या माणसाने दिलेल्या सूचनांचे संदेश हे सगळे जपा. विमाच नसलेल्या मालकांच्या कामगारांसाठी काही देशांत आणि राज्यांत स्वतंत्र निधी असतो. तुम्ही परदेशात काम करत असाल तरी डगमगू नका. परदेशी कामगाराला अपघात भरपाईत देशी कामगारासारखीच वागणूक द्यावी असा आंतरराष्ट्रीय करार १९२५ सालीच झाला आहे आणि पुष्कळ देशांनी तो स्वीकारला आहे.

प्रश्न : भरपाई घेतली तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर खटला भरता येणार नाही का?

येतो. वर सांगितलेली देवाणघेवाण तुमच्या आणि तुमच्या मालकाच्या मधली आहे. सदोष यंत्र विकणारा उत्पादक, दुसऱ्याच कंपनीचा निष्काळजी वाहनचालक हे तिऱ्हाईत आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर वेगळा दावा करता येतो. त्यातून पैसे मिळाले तर भरपाई देणाऱ्याला त्याचा वाटा परत मागता येतो, त्यामुळे हिशेब आधी वकिलाकडून समजून घ्या. मोडलेला भाग दुरुस्तीला किंवा भंगारात जाऊ देऊ नका. तो गेला की दावाही जवळजवळ गेलाच.

प्रश्न : मणक्याला दुखापत होऊन सात महिने झाले. विमा कंपनी एकरकमी रक्कम द्यायला तयार आहे, पण एका कागदावर सही मागते. कार्यालयातून कोणी तरी म्हणाले की सही केली नाही तर नोकरीही राहणार नाही. रक्कम मोठी वाटते आणि कर्ज फेडायचे आहे. काय करावे?

प्रथम धमकीविषयी. भरपाई मागितली म्हणून कामावरून काढणे किंवा त्रास देणे अनेक देशांच्या कायद्यांना मान्य नाही. हे शब्द कोणी, कोणत्या दिवशी, कोणासमोर उच्चारले ते लिहून ठेवा आणि तुमची संघटना असेल तर तिला कळवा. हलके काम देऊ केले असेल तर मात्र ते सरळ नाकारू नका. डॉक्टरांनी किती वजन उचलायला आणि किती वेळ बसायला परवानगी दिली आहे ते लेखी घ्या आणि काम त्या मर्यादेत बसते का ते पाहा. बसत असेल आणि तरीही नाकारले तर साप्ताहिक रक्कम थांबू शकते. बसत नसेल तर त्याच कागदाच्या आधारे नाकारा.

आता सहीविषयी. एकरकमी तडजोड ही वाईटच असते असे नाही. उपचार खरोखर संपले असतील आणि वाद अनिश्चित असेल तर ती शहाणपणाची ठरू शकते. पण ती बहुधा कायमची असते. आज मोठी वाटणारी रक्कम तुमच्या निवृत्तीपर्यंतच्या महिन्यांनी भागून पाहा, मग ती साप्ताहिक रकमेशी ताडून पाहा. अनेक ठिकाणी अशी तडजोड न्यायाधिकारी किंवा भरपाई आयुक्तांच्या मंजुरीशिवाय पक्की होत नाही, आणि कायद्याने मिळालेला हक्क खासगी करारात सोडून दिला तर तो करार रद्दबातल ठरतो. याचे कारण हेच की कर्जात बुडालेला जखमी माणूस आणि विमा कंपनी यांची सौद्यातली ताकद सारखी नसते. तेव्हा कागदाची प्रत घरी न्या, सही त्याच बैठकीत करू नका, आणि कामगारांचे दावे चालवणाऱ्या वकिलाला किंवा विधी सहाय्य केंद्राला ती दाखवा.

तुमच्या मणक्यावर सात महिने उपचार चालले आहेत, पण प्रकृती स्थिरावली आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. ते प्रमाणपत्र मिळेपर्यंत तडजोडीची रक्कम योग्य की अयोग्य हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि पुढे शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च कोण करणार हे त्या कागदात स्पष्ट शब्दांत लिहिलेले नसेल, तर त्यावर सही करू नका.